हिरव्या शाईतला वैमानिक

"तो हिरवा माणूस काढणाऱ्या बाई तुम्हीच काय?" असं फोनवरच्या माणसाने विचारलं तेव्हा अर्पिता वांगी चिरत होती आणि फोन तिने खांद्यात नि कानात दाबून धरला होता. रविवारची सकाळ. तिला वाटलं, दीपकच्या दुकानाचं कुणी गिऱ्हाईक असेल. त्याच्या कृषी केंद्राच्या पाटीवर नवरा-बायको दोघांचेही नंबर होते. "कोणता हिरवा माणूस?" ती म्हणाली. "पेपरातला. ते बकरीवाली पोरगी पाणी पाजून राह्यली ना त्याले, तो." "हाव, मीच काढते ते," असं सांगताना तिला जरा बरंच वाटलं. कुणीतरी आपणहून फोन करून विचारतंय, हे चित्रकथा सुरू केल्यापासूनच्या तीन वर्षांत दोनदाच घडलं होतं. "लोणारलेच राह्यता ना तुम्ही?" "हो." "कोणीकडं?" "बस स्टँडच्या मागं, दुकानाच्या वरतीच." "बरं. म्हंजे सापडते घर," असं म्हणून त्या माणसाने फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने उलट चार शब्द सुनावले असते आणि विषय तिथेच संपला असता. पण तो माणूस टपालाचा पत्ता टिपून घ्यावा तसा बोलला होता, आणि फोन बंद झाल्यावर थोड्या वेळाने अर्पिताच्या लक्षात आलं की आपण वांगं सोडून नुसत्याच विळीच्या पात्याकडे बघत बसलो आहोत.

मग ती उठली आणि पेपर शोधायला लागली. पुरवणी वच्छलाबाईंच्या, म्हणजे तिच्या सासूबाईंच्या खाटेवर होती. तिने आतलं पान उघडलं आणि पाहिलं. सगळं हिरवं. डोंगर हिरवे, तिच्या गोष्टीतल्या चिमाची बकरी हिरवी, आणि झाडाला टेकून बसलेल्या वैमानिकाचा गणवेश पायापासून गळ्यापर्यंत हिरवागार. जिल्ह्याचं ते दैनिक पुरवणीचं आतलं पान दोनच रंगांत छापायचं. एक काळा आणि दुसरा, पानाखाली ज्याची जाहिरात असेल तो सांगेल तो. अर्पिता निळ्या पेन्सिलीने बारीक रेघोट्या मारून दाखवायची की दुसरा रंग इथे इथे भरा. आजवर खाली विटाभट्टीवाल्याची जाहिरात असायची, म्हणून चिमाचं सगळं जग विटकरी. त्याच हिशोबाने तिने वैमानिकाच्या अंगावर रेघोट्या मारल्या होत्या. पण मे महिना, पेरणी तोंडावर आलेली, आणि बियाण्याच्या कंपनीची जाहिरात बायकोच्या पानाखाली यावी म्हणून दीपकनेच खटपट केली होती. आठवडाभर मिरवत होता. बियाण्याचा रंग हिरवा, म्हणून वैमानिक हिरवा. इतकी साधी गोष्ट. आणि पुरवणी नेहमी आधीच छापून गठ्ठे बांधून ठेवतात, हीही साधीच गोष्ट. पुरवणी छापून झाली तेव्हा देशात सगळं शांत होतं. गठ्ठे सुटले तेव्हा सीमेवर विमानं उडत होती, टीव्हीवर निवेदक घसा फुटेस्तोवर ओरडत होते, आणि लोणारच्या चौकात पोरं झेंडे घेऊन मोटारसायकली पळवत होती. अशा रविवारी एक मराठी पोर आभाळातून पडलेल्या हिरव्या गणवेशाच्या माणसाला ओंजळीने पाणी पाजते आहे, आणि खाली नाव आहे: चित्र व कथा, अर्पिता, लोणार.

त्या वैमानिकाला देश नव्हता. हे कुणाला सांगणार? हिवाळ्यात चिमाची गोष्ट मंदावली होती, डोंगर झाले, गुहा झाल्या, चोर झाले, तेव्हा आभाळातून कुणीतरी पडावं असं अर्पिताला वाटलं होतं, इतकंच. त्याच्या छातीवर तिने मुद्दाम कुठल्याच देशाचा नसलेला बिल्ला काढला होता, दोन शेपट्यांचा पक्षी. छपाईत तो शाईने बुजला, आणि आता ज्याला जे बघायचं होतं ते त्या डागात दिसत होतं. दुपारपर्यंत गावातल्या दोन-तीन ग्रुपवर त्या चित्राचा फोटो फिरला. शेजारच्या गीताबाई जिन्यात भेटल्या. "तुमचं चित्र आलं वाटते फोनवर," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन खाली उतरल्या. चांगलं आलं म्हणाल्या नाहीत, वाईट आलं म्हणाल्या नाहीत. अर्पिता घरात आली, गच्चीत गेली आणि दोरीवर वाळत घातलेली हिरवी साडी ओली असतानाच काढून आत घेऊन आली. मग स्वतःचंच तिला हसू आलं. मग हसू गेलं, आणि ती ओली साडी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली, कारण तिला कळेना की ती परत वाळत घालायची की नाही.

दीपकला तिने फोनचं सांगितलं तेव्हा तो जेवत होता. "कोणी तरी वाचणारा असंन," तो म्हणाला. "तू काऊन एवढी घाबरून राह्यली?" "घर सापडते म्हणे तो." "मंग? सापडतेच ना घर. दुकानावर एवढी मोठी पाटी हाये." त्याचं बरोबर होतं. दीपकचं नेहमीच बरोबर असायचं, आणि त्याने कधीच काही सुटायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर वर आला आणि पाणी पिताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "काही दिवस ते चित्राचं कोणाजवळ काढू नको." म्हणजे दुकानात कुणीतरी काही बोललं होतं. काय बोललं ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

भीती ही मोठी कामसू असते, हे अर्पिताला त्या दिवसांत कळलं. तिला क्षणभर रिकामं बसवत नाही. खाली मोटारसायकल थांबली की तिचं इंजिन बंद होतं की चालूच राहतं हे ती ऐकायची. चालू राहिलं तर गिऱ्हाईक घाईचं आहे. बंद झालं तर मग जिन्यावर पाय वाजतात का ते ऐकायचं. सायरनची तालीम झाली, सगळ्यांनी दिवे घालवले, तेव्हा लहान पोरांनी गच्च्यांवरून आरोळ्या मारल्या, मजाच मजा. आणि अर्पिताला त्या अंधारात पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं, कारण अंधारात कुणाचंच घर सापडत नाही. दिवे लागले तशी ती पुन्हा मोटारसायकली ऐकू लागली. दुश्मनाच्या विमानाची तिला भीती नव्हती, ही गोष्ट तिला स्वतःलाही चमत्कारिक वाटली. सबंध गाव आभाळाकडे बघत होतं आणि ती जिन्याकडे.

तिचे वडील, वडनेर भोलजीचे भगवानराव पेंटर, निवडणुकीच्या भिंती रंगवायचे. अर्पिता लहानपणी चुन्याची बादली धरून त्यांच्या मागे हिंडायची. एका निवडणुकीला एक निशाणी, पुढच्या निवडणुकीला त्यावर चुना मारून दुसरी. चुना पातळ झाला की पावसाळ्यानंतर खालची निशाणी वर यायची, आणि मग कुणीतरी घरी यायचं, दारातच उभं राहून विचारायचं, "काय भगवानराव, मुद्दामच ठेवलं का खालचं?" वडील हसायचे, हात जोडायचे, लगेच बादली घेऊन निघायचे. लोकांना ते फार हसतमुख वाटत. पण प्रत्येक निवडणूक झाली की त्यांना ताप यायचा. अंगावर गोधडी घेऊन दोन-दोन दिवस पडायचे, आणि आई म्हणायची, उन्हाचं काम, दुसरं काय. अर्पिताही तेच समजत आली होती. आता खाटेवर बसल्या बसल्या, पंख्याखाली, भर मे महिन्यात हातपाय गार पडलेले असताना, तिला तो ताप ओळखू आला. इतक्या वर्षांनी. वडील असते तर फोन करून विचारलं असतं, बाबा, तुम्ही कोणाला भ्यायचे? त्यांनाही कदाचित सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी पुरवणी आलीच नाही. तिची पानं युद्धाच्या बातम्यांना दिली होती. वच्छलाबाईंनी पेपर उलटापालटा करून पाहिला, झटकून पाहिला. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण चिमाची चित्रं त्या पहिल्यापासून बघत आल्या होत्या, रविवारी जेवण झालं की खाटेवर बसून, एकेका चौकटीवर बोट ठेवून, ओठ हलवत, आपली आपण गोष्ट लावत. पहिलं वर्षभर त्या समजत होत्या की ही गोष्ट बकरीची आहे आणि ती पोरगी नुसती तिच्या मागे हिंडते. अर्पिताने समजावलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "असंन. पण बकरी हुशार हाये." अर्पिताच्या मनात कधी यायचं की आपण खरं तर त्यांच्यासाठीच काढतो, चित्रातून कळलं नाही ते त्यांना कळतच नाही, म्हणून चित्रात लबाडी चालत नाही. "आज नाही का आलं?" वच्छलाबाईंनी विचारलं. "लढाई चालू आहे ना, आत्याबाई. जागा नाही पेपरात." "मंग तो तसाच बसला का? पाण्याले तोंड लावून?" "हो." "बापा. एवढे दिवस," वच्छलाबाई म्हणाल्या आणि पेपराची घडी घातली. त्यानंतर अर्पितालाही तो तसाच दिसायला लागला. टेबलाखालच्या फायलीत, कोऱ्या कागदांच्या खाली, ओंजळीला ओठ लावून बसलेला. कुणी येऊन त्याचं काय करायचं ते ठरवीपर्यंत त्याला हलता येत नव्हतं. फोन वाजला की तिला वाटायचं, त्याने मान वर केली.

सीमेवरचा गोळीबार थांबला. थांबला तरी लोकांचा राग काही थांबेना. उलट, एवढ्यात का थांबवलं म्हणून चौकात लोक अधिकच तावातावाने बोलायला लागले. तेव्हा धम्मरत्नचा फोन आला. तो बुलढाण्याच्या ऑफिसात पुरवणीचं काम बघायचा. तिला कायम ताई म्हणायचा आणि चिमाचा पहिला भाग त्यानेच भांडून छापून आणला होता. "ताई, येत्या रविवारपासून पुरवणी चालू," तो म्हणाला. "पण तो हिरवा माणूस निकालात काढा लागते." "म्हंजे?" "तो हेर निघते. चिमा त्याले ओळखते. मंग कड्यावरून ढकलते, नाही तर काहीही करते, ते तुम्ही पाह्या. पण एकाच भागात. साहेब म्हणते, वाचकाले समाधान भेटलं पाह्यजे." "चिमा बारा वर्षांची आहे रे, धम्मरत्न." "मले कायले सांगता, ताई? मले आवडलं असंन का? पण ऑफिसात फोनावर फोन येऊन राह्यले. तुमच्या घरी नाही ना आला कोणाचा?" अर्पिता म्हणाली, "नाही." का म्हणाली, हे तिलाच समजलं नाही. हो म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, कोण होता, काय म्हणाला, आणि ते सांगता सांगता तो माणूस खरोखरच जिना चढून वर आला असता, असं काहीतरी.

नाही म्हणता आलं असतं. गोष्टच बंद करते म्हणता आलं असतं. तिने दोन्हींचा विचार केला. भाजी निवडताना केला, कपडे वाळत घालताना केला. नाही म्हटलं की लोक म्हणणार, बघा, वाचवते आहे त्याला. बंद केली की म्हणणार, बघा, घाबरून पळाली. आणि ढकललं तर? ढकललं तर कुणीच काही म्हणणार नव्हतं. तीन वाटांपैकी ही एकच वाट अशी होती की जिच्या शेवटी तिला झोप लागणार होती. चिमाने आजवर एक मुंगीही चिरडली नव्हती. चोरालासुद्धा तिने बकरीचं दूध पाजून सोडून दिलं होतं. पण चिमा कागदावरची होती. अर्पिताला घर होतं, घराखाली दुकान होतं, दुकानावर पाटी होती. हे सगळं मनाशी मांडून झाल्यावर तिला वाटलं होतं की वाईट वाटेल. वाटलं नाही, हेच भीतिदायक होतं.

दुपारी वीज गेलेली. कूलर बंद. तिने खिडकी लावून घेतली, कारण खिडकी उघडी असली की रस्त्यावरून आपण दिसतो, आणि कपाळाचा घाम कागदावर पडू नये म्हणून डोक्याला ओढणी बांधून कामाला बसली. एरवी एका पानाला तिला तीन-चार दिवस लागायचे. हात नीट जमत नसत, कुणाचेच, बोटं काढताना ती खोडून खोडून कागद झिजवायची. त्या दिवशी हात जमले. कडा जमला. चिमाचे पंजे त्या माणसाच्या छातीवर टेकलेले, त्याच्या बुजलेल्या बिल्ल्याच्या दोन बाजूंना, आणि त्याच्या टाचेखालून सुटलेली माती, बारीक बारीक खडे, एकेक खडा वेगळा. पेन्सिल थांबतच नव्हती. शेवटच्या चौकटीत तो नव्हताच. नुसता कडा आणि कड्यावर एकटी चिमा, समोर बघणारी. तिचा चेहरा तर एका दमात आला, एकही रेघ पुसावी लागली नाही. खाली तिने लिहिलं: 'चिमाच्या मातीशी गद्दारी करणाऱ्याला माफी नाही!' आणि मागे सरून बघितलं तेव्हा तिला कळलं की आपण तीन वर्षांत काढलेल्यांत हे सगळ्यांत चांगलं पान आहे. त्याचा तिला आनंदही झाला. खोटं का बोला, झाला. निळ्या रेघोट्या मात्र तिने कुठेच मारल्या नाहीत. सगळं काळंच ठेवलं. फोनवर फोटो काढून तिने पान पाठवलं आणि थोड्या वेळाने धम्मरत्नचं उत्तर आलं, 'जबरदस्त ताई', आणि त्यानंतर पुढे काहीच नाही.

शुक्रवारी त्याचाच फोन. आवाज पडलेला. "ताई, ते पान जरा कडकच झालं म्हणते साहेब." "तूच म्हणाला ना तसं काढा?" "हाव, ते तेव्हा. आता हवा बदलली. वरून सांगणं आलं म्हणते, भडक काही छापू नका, लोक शांत झाले पाह्यजे. तो माणूस वाचला असता तरी आता चाललं असतं." अर्पिताने फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण आता इलाज नाही," धम्मरत्न म्हणाला, "पुरवणी छापून झाली." त्याने फोन ठेवला. म्हणजे चार दिवस दम धरला असता, हात दुखतो म्हटलं असतं, आजारी पडले म्हटलं असतं, तर तो माणूस पाणी पिऊन उठून आपल्या वाटेने गेला असता. ती मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

रविवारी पान आलं. सकाळपासून फोन वाजत होता आणि या वेळी लोक नावं सांगत होते. कुणी शाळेतले सर, कुणी सुलतानपूरचं बियाण्याचं जुनं गिऱ्हाईक, कुणी मंडळाचा अध्यक्ष. वा ताई, पोरीनं दाखवून दिलं. गीताबाई पेपर घेऊनच वर आल्या, चहा प्यायल्या, "पोरगी काय उभी राह्यली पाह्या, वाघीण!" म्हणाल्या. दीपक दुकानातून दोनदा वर आला, दोन्ही वेळा हसत. "पाह्य," तो म्हणाला, "उगाच जीव काढला ना तू?" प्रत्येक फोन अर्पिता कानाला लावायची आणि आधी आवाज ऐकायची. पहिल्या फोनवाल्याचा तो आवाज नव्हता. तो माणूस पुन्हा बोललाच नाही, आणि त्याने फोन करून एकदा म्हणावं की बरं झालं, असं तिला दिवसभर वाटत राहिलं. त्याच्यासाठीच तर हे सगळं केलं होतं.

जेवणं झाली. वच्छलाबाई खाटेवर बसल्या, पुरवणी मांडीवर पसरली आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. अर्पिता ओट्यापाशी भांडी आवरत होती, पाठ त्यांच्याकडे. आज त्यांनी काही विचारू नये एवढंच तिच्या मनात होतं. पुरवणीचा कागद सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नाही. शेवटी तिला राहवेना. हात पुसत ती खाटेपाशी आली. वच्छलाबाईंचं बोट शेवटच्या चौकटीवर होतं, चिमाच्या तोंडाशी, आणि त्या कागद अगदी डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. खालची अक्षरं त्यांच्यासाठी नुसत्या मुंग्या होत्या.

"काऊन वं, पोरी," त्या म्हणाल्या, "तो माणूस तर मेला ना?"

"हो, आत्याबाई."

"आता तर कोणीच नाही राह्यलं तिथं."

"नाही."

वच्छलाबाईंनी मान वर केली आणि चित्राकडे नाही, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे.

"मंग हे पोरगी एवढी कोणाले भिऊन राह्यली?"